अम्मीचे दोन गुडघे



आपल्या भाषेने गुडघ्याला कधी फारसा मान दिलेला नाही. अक्कल गुडघ्यात असते ती मूर्खाची, गुडघ्याला बाशिंग बांधतो तो उतावळा नवरा आणि गुडघे टेकतो तो हरलेला. कविता लिहिणाऱ्याने हृदयावर लिहावं, डोळ्यांवर लिहावं, फार तर पावलांवर लिहावं. गुडघ्यावर कोणी लिहीत नाही. मीही लिहिलं नव्हतं. पण मध्यंतरीची तीन-चार वर्षं माझ्या घरात सकाळ-संध्याकाळ गुडघा हाच एक विषय होता, आणि त्या काळात जे थोडंफार समजलं ते आज तुम्हाला सांगणार आहे.

माझ्या अम्मीने सत्तरीपर्यंत गुडघ्याकडे लक्ष दिलं नाही. तिचं सगळं जगणं जमिनीशी. चूल जमिनीवर, जेवणं जमिनीवर, धुणीभांडी उकिडवं बसून आणि पाच वेळची नमाज चटईवर. मग ती जिना उतरताना भिंतीला हात लावू लागली. मग एक-एक पायरी आडवी उतरू लागली. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "आतल्या बाजूचं अस्तर संपलंय. हाडावर हाड घासतंय. दोन्ही गुडघे बदलावे लागतील, पण एकेक करू."

अम्मीचा प्रश्न एकच होता. घरातल्या दखनीत ती मला म्हणाली, "मेरेकू नीचे बैठने आएगा क्या, इतना पूछ."

नमाजमध्ये सजदा करून उठलं की पाय मुडपून त्यांच्यावर बसावं लागतं. त्या वेळी गुडघा जवळजवळ पूर्ण मिटतो. मांडी घालून पंगतीला बसताना, भजनाला बसताना, अंगणात उकिडवं बसून भाजी निवडताना असाच मिटणारा गुडघा लागतो. म्हणजे प्रश्न एकट्या अम्मीचा नव्हता. जमिनीवर बसणाऱ्या आपल्या सगळ्यांचाच होता.

रुग्णालयातल्या बाईंनी माझ्यासमोर तीन रंगीत पत्रकं ठेवली. तीन प्रकारचे कृत्रिम सांधे, तीन किमती. सर्वांत महागड्या पत्रकावर साडी नेसलेली एक बाई हसतमुखाने मांडी घालून बसलेली होती. खाली लिहिलं होतं की हा सांधा १५५ अंशांपर्यंत वाकतो, शिवाय आतली चकती फिरती आहे. मी तो फोटो पाहिला आणि तिथेच ठरवून टाकलं. हे साल २०१६. नुसत्या सांध्याचे पावणेदोन लाख रुपये झाले. भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले, थोडे मेहुण्याकडून घेतले.

शस्त्रक्रिया नीट झाली. दुखणं गेलं, पाय सरळ झाला. पण सहा महिने झाले, वर्ष झालं, तरी अम्मीला खाली बसता येईना. डॉक्टरांना विचारलं तर ते सहज म्हणाले, "खाली बसू नकाच. नमाज खुर्चीवर पढा." मग ते पत्रक कशासाठी होतं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सुटला. पण फसल्याची बोचणी फार वाईट असते. ती माणसाला अभ्यासाला बसवते. ओळखीच्या डॉक्टरांना विचारत, मिळेल ते वाचत मी हा विषय समजून घेतला.

पहिली गोष्ट अशी, की गुडघा दिसतो तसा साधा नाही. आपल्याला वाटतं, दाराची बिजागरी आणि गुडघा सारखाच. पण बिजागरी एकाच खिळ्याभोवती फिरते. गुडघा वाकताना मांडीचं हाड नडगीच्या हाडावर घरंगळतं, सरकतं आणि थोडं वळतंही. दोन्ही हाडांच्या टोकांना गुळगुळीत कूर्चेचं अस्तर असतं. मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. दोन बाजूंना दोन अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, आणि अगदी मध्यभागी एकमेकांना फुलीसारखे छेदून जाणारे आणखी दोन. या फुलीतला मागचा अस्थिबंध लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरून मोठा वाद आहे.

चालायला गुडघा साधारण ६०-७० अंश वाकला तरी पुरतो. खुर्चीतून उठायला ९०-१०० अंश लागतात. उकिडवं किंवा टाचांवर बसायचं तर १३० च्या पुढे जावं लागतं. गुडघा बदलल्यावर बहुतेकांचा तो ११०-१२० अंशांच्या आसपास वाकतो. म्हणजे चालणं, जिना, खुर्ची, सगळं जमतं. अडतं ते नेमकं आपल्या बैठकीपाशी.

दुसरी गोष्ट, 'गुडघा बदलणं' हा शब्दच थोडा फसवा आहे. अख्खा गुडघा काढून नवा बसवत नाहीत. दात किडला की दंतवैद्य वरचा भाग घासून टोपी बसवतो ना, तसंच हे. मांडीच्या हाडाच्या टोकावरून जवळपास एक सेंटिमीटर जाडीचा थर कापतात आणि तिथे धातूची वळणदार टोपी बसवतात. नडगीच्या हाडाचा माथा सपाट करून त्यावर धातूची बैठक ठेवतात. या दोहोंच्या मध्ये एका खास चिवट प्लास्टिकची चकती असते, तीच नवी गादी. काही शल्यविशारद गुडघ्याच्या वाटीलाही आतून प्लास्टिकचं बटण लावतात, काही लावत नाहीत. हे सगळं बहुधा हाडाच्या सिमेंटने चिकटवलं जातं. बाजूचे अस्थिबंध, स्नायू, कातडी, सगळं मूळचंच राहतं. नवा सांधा चालतो तो या जुन्या दोऱ्यांच्या ताणावर. हे वाक्य मला फार उशिरा कळलं. पत्रकात ते कुठेच नव्हतं.

माणसाने गुडघा बनवण्याची खटपट बरीच जुनी आहे. बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लिस ग्लुक या शल्यविशारदाने १८९० च्या सुमारास हस्तिदंताची बिजागरी गुडघ्यात बसवून पाहिली होती. पुढे विसाव्या शतकात धातूच्या बिजागऱ्या आल्या. त्या सैल होत गेल्या, कारण वर सांगितलं तेच. गुडघ्याला थोडं वळायचं असतं आणि बिजागरी वळू देत नाही. मग तो सगळा जोर हाडातल्या पकडीवर येतो आणि पकड सुटते. १९६० च्या दशकाच्या शेवटी फ्रँक गन्स्टन या कॅनडाच्या डॉक्टरने इंग्लंडमध्ये काम करताना बिजागरी सोडून दिली आणि हाडांच्या फक्त पृष्ठभागांना अस्तर लावलं. आजच्या गुडघ्याची वाट तिथून सुरू झाली. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या 'हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी'मध्ये 'टोटल कॉन्डिलर' नावाचा सांधा पहिल्यांदा बसवला गेला. जॉन इन्सॉल आणि चित्तरंजन रानावत हे शल्यविशारद आणि पीटर वॉकर हा अभियंता, अशा मंडळींनी तो घडवला होता. आज जगात वापरात असलेले बहुतेक सांधे त्याचेच वारस म्हणावेत असे आहेत.

यातले डॉ. रानावत मूळचे भारतातले. आपल्याकडे त्यांचं नाव घरोघरी गेलं ते पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचा डावा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला, आणि त्यासाठी रानावत न्यूयॉर्कहून आले होते. त्या वेळी आमच्या चौकातल्या चहाच्या टपरीवरही गुडघ्याची चर्चा होती. गुडघा बदलता येतो, हे बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं.

आता मूळ मुद्दा. हे सांधे एकमेकांपेक्षा वेगळे कशाने असतात?

पहिला भेद त्या मागच्या अस्थिबंधाचा. एका पद्धतीत तो जागेवर ठेवतात. गुडघा वाकताना मांडीचं हाड पुढे घसरू न देण्याचं काम तो पूर्वीसारखं करत राहतो. दुसऱ्या पद्धतीत तो काढून टाकतात. मग त्याच्या जागी चकतीच्या मध्यावर प्लास्टिकची एक उभी खुंटी असते आणि वरच्या टोपीत एक आडवा दांडा. गुडघा वाकू लागला की ठरावीक कोनानंतर दांडा खुंटीला टेकतो आणि हाड मागे लोटलं जातं. पहिल्या पद्धतीत हाड कमी कापावं लागतं, पण अस्थिबंध शाबूत हवा. दुसरीत खूप वाकडा झालेला पाय सरळ करणं सोपं जातं, पण खुंटी झिजू शकते आणि काहींना चालताना 'कट्' असा आवाज येतो. आपल्याकडे माणसं दुखणं अंगावर काढतात आणि पाय पुरता वाकडा झाल्यावर दवाखान्यात येतात, म्हणून अनेक शल्यविशारदांना दुसरी पद्धत सोयीची वाटते. तुलनेचं काय? जगभरातल्या चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात दोन्ही पद्धतींत रुग्णाला जाणवेल असा फरक आढळला नाही.

दुसरा भेद चकतीचा. स्थिर चकती खालच्या बैठकीत घट्ट बसवलेली असते. फिरती चकती बैठकीवर थोडी गरगरू शकते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या न्यू जर्सीमध्ये फ्रेडरिक ब्यूकेल आणि मायकेल पपास यांनी हा विचार पुढे नेला. तर्क सुंदर होता. चकती फिरली तर टोपी आणि चकती एकमेकांना अधिक पसरून टेकतील, भार वाटला जाईल, झीज कमी होईल, सांधा जास्त टिकेल. कवी म्हणून मला ही कल्पना फार आवडली. पण सुंदर तर्क आणि प्रत्यक्ष शरीर यांचं नेहमीच जमतं असं नाही. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात स्थिर आणि फिरत्या चकतीच्या गुडघ्यांत दुखणं, हालचाल, टिकाऊपणा यांत लक्षात घ्यावा असा फरक दिसला नाही. उलट क्वचित कधी फिरती चकती जागची सटकते. तो धोका स्थिर चकतीला जवळजवळ नसतो.

तिसरा भेद तो, ज्याला मी भुललो. 'हाय-फ्लेक्स', म्हणजे जास्त वाकणारा गुडघा. यात मांडीच्या हाडावरच्या टोपीची मागची बाजू थोडी जाड आणि लांब केलेली असते. त्यासाठी मागून हाड दोनेक मिलिमीटर जास्त कापावं लागतं. हेतू असा, की गुडघा खूप मिटला तरी टोपीची कड प्लास्टिकमध्ये रुतू नये. आता यातली मेख पाहा. पत्रकातले १५५ अंश म्हणजे गुडघा इतका वाकला तरी सांधा ते सोसू शकेल, एवढंच. तो इतका वाकेलच असं त्याचा अर्थ होत नाही. बैलगाडीला विमानाची चाकं लावली म्हणून ती उडत नाही. किती वाकेल हे सर्वांत जास्त ठरतं ते शस्त्रक्रियेपूर्वी किती वाकत होता यावर. अम्मीचा पहिला गुडघा आधीच जेमतेम ९५ अंश वाकत होता. पण तो मोजून त्याचा अर्थ मला कोणी सांगितला नव्हता, आणि मीही विचारलं नव्हतं.

या प्रश्नाचा सर्वांत चोख अभ्यास झाला तो कोरियात. कोरियन माणूसही आपल्यासारखाच जमिनीवर बसणारा. यंग-हू किम या शल्यविशारदाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० रुग्ण घेतले. प्रत्येकाच्या एका पायात साधा सांधा आणि दुसऱ्या पायात हाय-फ्लेक्स. माणूस तोच, वय तेच, वजन तेच, सहनशक्ती तीच. याहून चांगली तुलना कशी करणार? दोनेक वर्षांनी मोजलं तर दोन्ही गुडघ्यांच्या वाकण्यात सरासरी फरक होता जेमतेम तीन अंशांचा. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं होतं. म्हणजे मी पैसे मोजले त्याच्या अकरा वर्षं आधी!

याला आणखी एक काळी बाजू निघाली. कोरियातल्याच दुसऱ्या एका गटाने २००७ मध्ये असं नोंदवलं, की त्यांनी बसवलेल्या एका हाय-फ्लेक्स सांध्याच्या ७२ गुडघ्यांपैकी २७ मध्ये वरची टोपी तीन वर्षांच्या आतबाहेर सैल झाली होती, आणि ज्यांना उकिडवं किंवा मांडी घालून बसता येत होतं त्यांच्यात हे प्रमाण जास्त होतं. इतर ठिकाणी एवढं मोठं प्रमाण आढळलं नाही, हेही सांगायला हवं. पण हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. अम्मी खाली बसू शकत नव्हती, याचंच उलट थोडं बरं वाटलं.

बाकीचे भेद थोडक्यात सांगतो. २००६ मध्ये 'खास बायकांसाठी' म्हणून थोडा अरुंद सांधा बाजारात आला. त्याची जाहिरात जोरात झाली, पण तुलनेत तो साध्यापेक्षा सरस ठरला नाही. माप मात्र महत्त्वाचं. टोपी हाडाच्या बाहेर आली तर टोचते, दुखते. म्हणून ज्या सांध्यात लहान-मोठी भरपूर मापं मिळतात तो चांगला, मग त्याच्यावर नाव कुणाचंही असो. धातूंचं म्हणाल तर बहुतेक टोप्या कोबाल्ट-क्रोमियमच्या असतात, बैठका त्याच धातूच्या किंवा टायटॅनियमच्या. काही टोप्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या, वरून काळ्या तकतकीत. आणि हल्ली 'सोनेरी गुडघा' म्हणून जो ऐकू येतो, त्यात सोनं नसतं. तो टायटॅनियमच्या संयुगाचा पातळ मुलामा असतो. निकेलसारख्या धातूची ॲलर्जी असलेल्यांसाठी असे पर्याय विचारात घेतात. पण सोनेरी दिसतो म्हणून तो जास्त वर्षं टिकतो, याला भक्कम पुरावा नाही.

गंमत अशी, की ज्या गोष्टीने सांध्याचं आयुष्य खरोखर बदललं ती कुठल्याच पत्रकाच्या मुखपृष्ठावर नसते. ती म्हणजे ते प्लास्टिक. पूर्वी या चकत्या साध्या हवेत बंद करून गॅमा किरणांनी निर्जंतुक करत. त्या कपाटात पडून राहिल्या की प्राणवायूने आतून ठिसूळ होत. मग गुडघ्यात गेल्यावर लवकर झिजत. झिजलेल्या कणांमुळे आजूबाजूचं हाडही पोखरलं जाई. १९९० च्या दशकात हे उमगलं आणि चकत्या प्राणवायूविना बंद करू लागले. पुढे प्लास्टिकचे रेणू एकमेकांत अधिक घट्ट विणण्याची पद्धत आली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदणीत अशा प्लास्टिकच्या गुडघ्यांत पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ काहीशी कमी आलेली दिसते. फोटोत न दिसणारी सुधारणा उपयोगी पडली आणि फोटोत दिसणारी फारशी पडली नाही. कवितेतही बऱ्याचदा असंच होतं म्हणा. असो.

ही राष्ट्रीय नोंदणी काय असते, तेही सांगतो. स्वीडनमध्ये १९७५ पासून बदललेल्या गुडघ्यांची नोंद ठेवली जाते. ऑस्ट्रेलियात १९९९ पासून आणि इंग्लंड-वेल्समध्ये २००३ पासून अशी व्यवस्था आहे. कोणता सांधा, कुठे, कुणाला बसवला आणि तो पुन्हा उघडावा लागला का, एवढं वर्षानुवर्षं लिहीत राहायचं. कंटाळवाणं काम. पण कोणता सांधा खरंच टिकतो हे पत्रकातून कळत नाही, ते या वह्यांतून कळतं. अशाच नोंदींवर आधारित एक अभ्यास २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षं टिकतात, असा अंदाज निघाला. एकाच बाजूचं अस्तर गेलेलं असेल तर अर्धाच गुडघा बदलतात, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ७० टक्के. अर्थात अर्ध्या गुडघ्याची शस्त्रक्रिया लहान आणि रुग्ण लवकर हिंडूफिरू लागतो, हा त्याचा फायदा.

म्हणजे सांधे टिकतात. तरीही वेगवेगळ्या पाहण्यांत साधारण पाचातला एक रुग्ण 'मी पूर्ण समाधानी नाही' असं सांगतो. टिकाऊ सांधा आणि नाराज माणूस, हे कसं? मला मिळालेलं उत्तर असं, की नाराजीचा बराच भाग अपेक्षेत असतो. कोणी मांडी घालायचं स्वप्न घेऊन जातो, कोणी दुखणं शून्यावर येईल असं समजून जातो. उरलेला भाग असतो बसवण्यात. पाय सरळ रेषेत आला का? वाकताना आणि सरळ होताना दोन्ही बाजूंचे अस्थिबंध सारखे ताणले जातात का? जंतुसंसर्ग टळला का? तबल्याची शाई कितीही चांगली असो, वाद्या नीट ओढल्या नाहीत तर तो सुरात लागत नाही. गुडघ्याच्या वाद्या शल्यविशारद ओढतो.

आता पैशांचं. १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या. सरकारनेच तेव्हा दिलेल्या आकड्यांनुसार नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची सरासरी छापील किंमत १,५८,३२४ रुपये होती. ती ५४,७२० वर आणली. हाय-फ्लेक्सची १,८१,७२८ होती, ती ५६,४९० वर आणली. दोन्हींवर जीएसटी वेगळा. या नियंत्रणाला पुढे वेळोवेळी मुदतवाढही मिळत गेली. मी हे आकडे वर्तमानपत्रात वाचले तेव्हा पेन्सिल घेऊन वजाबाकी केली. आधी साध्यात आणि हाय-फ्लेक्समध्ये २३,४०४ रुपयांचा फरक होता, नंतर उरला १,७७० रुपयांचा. जास्त वाकण्याची किंमत एका दिवसात इतकी खाली आली! एक लक्षात ठेवा, ही मर्यादा सांध्याच्या किमतीवर आहे. खोली, भूल, शल्यविशारदाची फी यांवर नाही. बिलात सांध्याची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळे दाखवायला हवेत, असंही त्या आदेशात आहे. ते पाहून घ्या.

डिसेंबर २०१८ मध्ये अम्मीचा दुसरा गुडघा झाला. रुग्णालय वेगळं, शल्यविशारद वेगळे. त्यांनी आधी पत्रक काढलं नाही, कोनमापक काढला. गुडघा १०५ अंश वाकत होता. ते अम्मीला म्हणाले, "आजी, आहे त्यापेक्षा थोडा जास्त वाकेल. जमिनीवर बसण्याचं वचन मी देणार नाही. चालण्याचं देतो." मी त्यांना विचारलं, कोणता सांधा बसवणार? ते म्हणाले, "साधा. मागचा अस्थिबंध चांगला असला तर ठेवेन. स्थिर चकती. पंधरा वर्षं हाच बसवतोय, याची हत्यारं माझ्या हातात बसली आहेत." मला हे शेवटचं वाक्य सर्वांत पटलं. माझे वडील शिवणकाम करायचे. दुसऱ्याच्या कात्रीला ते हात लावत नसत.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून माझी मुलगी टॉवेल घेऊन दादीच्या पायाशी बसली. टॉवेल पावलाला अडकवायचा, दोन्ही टोकं दादीच्या हातात द्यायची आणि टाच अंथरुणावरून मागे ओढायची. दिवसातून चार वेळा. दादी ओरडली तरी थांबायचं नाही. पहिल्या वेळी आम्ही हे केलं नव्हतं. दुखतं म्हणून तिला निजू दिलं होतं. दया दाखवली आणि सुरुवातीचे मोलाचे सहा आठवडे घालवले.

आज काय स्थिती आहे? महागडा, फिरत्या चकतीचा, हाय-फ्लेक्स गुडघा ११२ अंश वाकतो. साधा गुडघा ११८. यावरून साधा सांधा श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढू नका. हात वेगळे, सुरुवातीचा कोन वेगळा, व्यायाम वेगळा. एका म्हातारीच्या दोन पायांवरून शास्त्र ठरत नाही. डोळे मिटून अम्मीला विचारलं, कुठला कुठला, तर ती सांगू शकते, पण फक्त आवाजावरून. पहिला कधीकधी 'कट्' वाजतो. दोन्ही पायांवर ती बाजारात जाऊन येते, जिना सरळ उतरते आणि रात्री शांत झोपते.

नमाज ती खुर्चीवर पढते. सुरुवातीला तिने हट्ट केला होता, "जमिनीला कपाळ लागल्याशिवाय कसला सजदा?" मग मशिदीतल्या इमामसाहेबांनी समजावलं, की ज्याला जमत नाही त्याने बसून पढावी, आजाऱ्याला तेवढी सवलत दिलेलीच आहे. ती मानली, पण पहिले काही दिवस खुर्चीवर बसल्यावर तिचे डोळे भरून यायचे. मी ते पाहिलंय. कोणत्याही कोनमापकावर ते मोजता येत नाही. आता मात्र आमच्या मशिदीतही मागच्या ओळीत खुर्च्या मांडलेल्या असतात आणि शेजारच्या विठ्ठल मंदिरात भजनालाही. दोन्हीकडच्या खुर्च्या एकाच मंडपवाल्याच्या.

तुमच्या घरी ही वेळ आली तर मी एवढंच सुचवेन. 'सर्वांत चांगला सांधा कोणता' हा प्रश्न मागे ठेवा. आधी हे विचारा: शस्त्रक्रिया आताच हवी आहे का, की वजन आणि व्यायामाने अजून काही काळ निभेल? अर्धा गुडघा बदलून भागेल का? आत्ता गुडघा किती अंश वाकतो, आणि नंतर किती वाकेल असं तुम्हाला वाटतं? हा सांधा किती वर्षं वापरात आहे, आणि तुम्ही स्वतः तो किती वर्षं बसवताय? घरी व्यायाम कोण करून घेणार? आणि सांध्याच्या खोक्यावरचे क्रमांकाचे स्टिकर मागून घेऊन कागदपत्रांत जपून ठेवा. पंधरा-वीस वर्षांनी कुणाला तो गुडघा उघडावा लागला तर आत काय आहे, हे त्यावरूनच कळेल.

परवा शेजारच्या काकू अम्मीकडे आल्या. त्यांनाही डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितलंय. हातात तसंच एक रंगीत पत्रक होतं. "भाभी, तुमचा कुठल्या कंपनीचा?" त्यांनी विचारलं. अम्मीने चष्मा लावून पत्रक पाहिलं, घडी घातली आणि त्यांच्या हातात परत दिलं.

"कंपनीचं राहू दे गं," ती म्हणाली. "घरात टॉवेल ओढायला कोण आहे, ते आधी सांग."